जिम्नॅस्टिक्स करणारें मूल आणि घरचीं माणसें

मुलांच्या परीक्षेची काळजी वाहणें आपल्या सुशिक्षित घरांना नवें नाहीं. दहावीचें वर्ष आलें कीं आजोबा वर्तमानपत्र मनांतल्या मनांत वाचूं लागतात, पाहुण्यांना "यंदा नको, पुढच्या मे महिन्यांत या" असें सुचविण्यांत येतें, आणि पेपरला निघालेल्या मुलाच्या हातावर आजी न चुकतां दही घालते. परंतु त्याच घरांतील एखादें मूल पुस्तकांच्या परीक्षेबरोबर हाडामांसाच्या परीक्षेची तयारी करूं लागलें, म्हणजे मात्र घर गोंधळून जातें. मुंबई, ठाणें, पुणें, छत्रपती संभाजीनगर ह्या शहरांतून जिम्नॅस्टिक्स शिकणारीं मुलें आज पुष्कळ दिसतात. सहाव्या-सातव्या वर्षीं हौस म्हणून गेलेली मुलगी दहाव्या वर्षीं जिल्ह्याच्या आणि बाराव्या वर्षीं राज्याच्या स्पर्धेंत उतरते. आणि मग, आतां आपण घरच्यांनीं काय करावयाचें, हा प्रश्न उभा राहतो. प्रस्तुत लेखांत त्याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

"आपल्या घरांतल्या मुलांनीं कोलांट्या काय म्हणून माराव्या?" असें विचारणारें एखादें वडील माणूस अजूनहि कोठें कोठें भेटतें. त्यांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मल्लखांबाची विद्या पुन्हां ऊर्जितावस्थेस आणणारे बाळंभटदादा देवधर हे आपल्यांतीलच होते. आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळीं भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें होतें. तेव्हां शरीर वांकविणें, उलटविणें, तोलणें ही आपली जुनीच साधना आहे. नवी गोष्ट आहे ती निराळीच. तालमींत मूल शरीर कमावीत असे; स्पर्धेंत तें कमावलेलें शरीर पंचांपुढें मांडावें लागतें. ह्या दोहोंत मोठें अंतर आहे, आणि घरच्यांची खरी कसोटी त्या अंतरांत लागते.

हें समजण्यासाठीं ह्या खेळाचा हिशेब थोडा पाहिला पाहिजे. ज्याला कलात्मक जिम्नॅस्टिक्स म्हणतात, त्यांत मुलींना चार साधनांवर आणि मुलांना सहा साधनांवर कसब दाखवावें लागतें. मुलींच्या चारांपैकीं एक म्हणजे बीम. हा पांच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच, आणि अवघा दहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारें आपल्या तळहाताएवढा, रुंद असतो. त्यावर चालावयाचें नसून उड्या, गिरक्या आणि कोलांट्या घ्यावयाच्या असतात. आतां गुणांची रीत पहा. १९७६ सालीं मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिकमध्यें रुमानियाच्या चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकीं दहा गुण मिळाले, तेव्हां गुणफलकाला दहाचा आंकडा दाखवितांच येईना, आणि त्यावर १.०० असें उमटलें, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. २००६ पासून ती रीत बदलली. आतां दोन आंकडे मांडतात. कृति किती अवघड आहे ह्याचा एक आंकडा. आणि ती किती निर्दोष झाली ह्याचा दुसरा. हा दुसरा आंकडा दहापासून सुरू होतो आणि खालीं खालीं येतो. लहान चुकीस ०.१, मध्यम चुकीस ०.३, मोठ्या चुकीस ०.५, आणि साधनावरून खालीं पडल्यास पुरा एक गुण वजा.

म्हणजे ह्या खेळांत पंच चुका मोजीत बसलेले असतात. गुडघा किंचित् वांकला, वजा. उतरतांना पाऊल सरकलें, वजा. पायाचीं बोटें ताणलेलीं नव्हतीं, वजा. सरावांतहि प्रशिक्षक तेंच सांगत असतात, व तें त्यांचें कामच आहे. आठवड्याचे पांच-सहा दिवस, दोन-दोन, तीन-तीन तास मूल स्वतःच्या शरीराची अशी वजाबाकी ऐकत असतें. असें मूल संध्याकाळीं घरीं आल्यावर घरानेंहि वजाबाकीच करावी काय? आमचें म्हणणें असें कीं, स्पर्धेच्या खेळांत पडलेल्या मुलाला जगांत एक तरी अशी जागा असावी कीं जेथें त्याचे गुण कोणी मांडीत नाहीं. आणि ती जागा घराखेरीज दुसरी कोठें मिळणार नाहीं. बाकीच्या साऱ्या गोष्टी ह्या एका गोष्टींतून निघतात.

एकत्र कुटुंबांत ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाहीं. तेथें प्रेम करणारीं माणसें अधिक असतात, त्यामुळें मत देणारीं तोंडेंहि अधिक असतात. पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांतील हकीकत ह्या दृष्टीनें सांगण्यासारखी आहे. घरांत लहानमोठीं अकरा माणसें. त्यांतील अकरा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्समध्यें चांगली चमकूं लागली होती. तिच्या काकांना पुतणीचें भारी कौतुक. त्यांनीं स्वयंपाकघरांतील भिंतीवर एक तक्ता लावला आणि प्रत्येक स्पर्धेचे गुण त्यावर आपल्या सुंदर अक्षरांत मांडले. मागच्यापेक्षां अधिक असले तर निळ्या शाईनें, कमी असले तर तांबड्या. येणारा-जाणारा तो तक्ता पाही आणि दोन शब्द बोले. एके रात्रीं पंगतीला ही मुलगी डाव्या हातानें चमचा धरून भात खाऊं लागली. आजींनीं टोकलें, "अगं, डाव्या हातानें काय जेवतेस? उजव्याला काय झालंय?" मुलगी कांहीं बोलेना. आजींनीं तिचा हात आपल्या हातांत घेऊन मनगट थोडें दाबलें, तशी ती कळवळली, आणि तिच्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें असें: "आजी, काकांना सांगूं नकोस ना. पुढच्या रविवारीं स्पर्धा आहे."

दोन महिने तें मनगट दुखत होतें. डॉक्टरांनीं एक्स-रे काढून हाडाच्या वाढत्या टोकाला इजा झाल्याचें सांगितलें, मनगट बांधलें आणि कित्येक आठवडे त्यावर भार घालण्यास मनाई केली. काकांनीं त्याच रात्रीं, कोणीं न सांगतां, भिंतीवरचा तक्ता काढून ठेवला. त्या घरांत कठोर असें कोणीहि नव्हतें, हें वाचकांनीं लक्षांत घ्यावें. कोणीं मुलीला रागें भरलें नव्हतें, कोणीं पदकाचा हट्ट धरला नव्हता. कौतुकाचाच तो तक्ता होता. पण मुलीनें त्यांत आपला भाव वाचला, आणि तांबड्या शाईच्या भयानें दुखणें लपविलें. मुलगी पुढें बरी होऊन पुन्हां सरावास गेली. त्या वर्षीं तिला पदक मिळालें नाहीं. परंतु दुखलें-खुपलें तर आतां ती त्याच दिवशीं आजीला सांगते. आमच्या मतें त्या घराची हीच मोठी कमाई होय.

दुखण्याविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे, कारण ह्या बाबतींत "खेळ म्हटला कीं लागायचेंच" ह्या वाक्यानें पुष्कळ नुकसान केलें आहे. वाढत्या वयांत हाडांच्या टोकांशीं वाढीची कूर्चा असते. ती हाडाच्या मानानें दुबळी असते. जिम्नॅस्टिक्समध्यें हात हे पायांचें काम करितात, सबंध शरीराचा भार मनगटावर पुनःपुन्हां आदळतो, आणि ती कूर्चा दुखावते. तसेंच वारंवार मागें वांकण्यानें कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाऊं शकते. एखादे दिवशीं अंग आंबणें निराळें. पण एकाच ठिकाणीं दिवसेंदिवस दुखणें, रात्रीं ठणकणें, सूज येणें, किंवा मुलाची चाल बदलणें ह्यांपैकीं कांहींहि दिसलें तर लेप आणि मालिश ह्यांवर न थांबतां अस्थितज्ज्ञाकडे जावें. आठवड्यांतील सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आंकड्याहून अधिक नसावेत, आणि आठवड्यांतून एक दिवस तरी पूर्ण विसांवा असावा, असा एक सोपा दंडक क्रीडावैद्य सांगतात. तो घरांतल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

बारा-तेरा वर्षांच्या सुमारास आणखी एक अडचण येते. मूल एकाएकीं उंच होतें, हातपाय लांबतात, शरीराचा तोल निराळ्या ठिकाणीं जातो. आणि काल सहज जमणारी उडी आज जमेनाशी होते. मूल रडकुंडीस येतें आणि घरच्यांना वाटतें, ह्याचें लक्ष उडालें. लक्ष उडालेलें नसतें. जुन्या शरीरानें शिकलेली विद्या नव्या शरीराला पुन्हां शिकवावी लागत असते. ह्याला कांहीं महिने लागतात, आणि त्या महिन्यांत घरानें धीर धरिला पाहिजे. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठीं मुलींच्या वयाची किमान मर्यादा पूर्वीं चौदा होती. ती १९८१ मध्यें पंधरा आणि १९९७ मध्यें सोळा झाली. खुद्द खेळाच्या धुरीणांनीं इतकी सबुरी धरली असतां आपण दहाव्या वर्षीं घाई करण्याचें कारण नाहीं. ओक्साना चुसोवितीना ही १९७५ सालीं जन्मलेली खेळाडू तेहतिसाव्या वर्षीं बीजिंगला ऑलिम्पिक रौप्यपदक मिळविती झाली आणि टोकियोला शेहेचाळिसाव्या वर्षीं उतरली, हेंहि घाई करणारांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां आहाराकडे वळूं. ह्या खेळांत अंग हलकें असावें अशी समजूत आहे, आणि तिनें जीवहि घेतले आहेत. अमेरिकेची क्रिस्टी हेन्रिक हिला एका पंचानें वजन कमी करण्यास सांगितलें; पुढें तिनें अन्न तोडलें, आणि १९९४ सालीं वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं ती निवर्तली. म्हणून "सुटलीस हं जरा!" असें थट्टेनेंहि ह्या मुलींना म्हणूं नये, मावशी-आत्यांनीं तर मुळींच म्हणूं नये, कारण त्यांचें बोलणें अधिक लागतें. आपल्या घरच्या अन्नांत कशाचीहि उणीव नाहीं. दूध, दही, उसळी, वरण, नाचणी, थालिपीठ, दाण्या-गुळाचा लाडू हे सारे पदार्थ ह्या मुलांसाठींच केल्यासारखे आहेत. सरावाहून आल्याबरोबर कांहीं तरी पोटांत गेलें पाहिजे, इतकेंच पाहावें. मोठ्यांबरोबर चतुर्थी-एकादशी धरण्याची मुलांना हौस असते. परंतु सरावाच्या दिवशीं उपाशी पोटीं बीमवर चढणें धोक्याचें आहे, तेव्हां तो उपवास आजीनेंच मोडवावा. मुलीला पंधरा वर्षें पुरीं होऊनहि पाळी आली नाहीं, किंवा आलेली पाळी महिनोन् महिने बंद झाली, तर "व्यायामामुळें असेल" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. खाणें कमी आणि श्रम फार झाल्याचें तें लक्षण असूं शकतें, आणि त्यानें हाडें ठिसूळ होतात.

शरीराइतकाच भयाचा प्रश्न आहे. जमणारी कसरत मुलाला एके दिवशीं करवेनाशी होते, तें साधनापुढें उभें राहतें आणि पाऊल उचलत नाहीं. अशा वेळीं "घाबरट" हा शब्द घरांत उच्चारूं नये. सिमोन बाइल्स हिचें उदाहरण येथें बोलकें आहे, आणि एकत्र कुटुंबांस जवळचेंहि आहे. कारण तिला तिच्या आईच्या वडिलांनीं आणि त्यांच्या पत्नीनें दत्तक घेऊन वाढविलें. टोकियोचें ऑलिम्पिक २०२१ मध्यें झालें तेव्हां प्रेक्षकांना मज्जाव असल्यामुळें तिच्या घरचें कोणी तेथें नव्हतें. सांघिक अंतिम फेरींत पहिल्याच उडीच्या वेळीं हवेंत असतां आपण कोठें आहों ह्याचें भान तिला राहिलें नाहीं, आणि तिनें माघार घेतली. जगांतील सर्वश्रेष्ठ खेळाडूवर भेकडपणाचा आरोप करणारे लोक निघाले. परंतु त्या स्थितींत उडी घेणें म्हणजे मानेवर पडण्याचा धोका पत्करणें होतें. त्याच स्पर्धेंत नंतर तिनें बीमवर कांस्यपदक मिळविलें, आणि २०२४ मध्यें पॅरिसला तीन सुवर्ण व एक रौप्य मिळवून ती परतली. "आज मला जमणार नाहीं" असें मूल म्हणालें तर तें ऐकून घेण्याचें सामर्थ्य घरांत हवें.

ह्याहून गंभीर एक गोष्ट आहे. ती कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहावी कीं नाहीं, असा संकोच आम्हीं मुद्दामच दूर सारला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर ह्यानें उपचाराच्या मिषानें वर्षानुवर्षें मुलींवर अत्याचार केले. २०१८ च्या जानेवारींत दीडशेहून अधिक स्त्रियांचीं व मुलींचीं निवेदनें न्यायालयापुढें आलीं. त्यांपैकीं कित्येकींनीं लहानपणींच मोठ्या माणसांना सांगितलें होतें, आणि त्यांच्यावर कोणीं विश्वास ठेवला नव्हता. २०२२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चौकशींत मुलांना अन्नपाणी नाकारणें, दुखापत असतां सराव करावयास लावणें, शौचासहि जाऊं न देणें असे प्रकार उघडकीस आले. आपल्याकडे "गुरु" ह्या शब्दाचें वजन मोठें आहे, आणि तें असावें; पण गुरूविषयींचा आदर म्हणजे डोळे मिटणें नव्हे. सराव पालकांना पाहूं देतात काय, मुलीला आधार देतांना हात कोठें व कां लावावा लागतो हें प्रशिक्षक आधीं समजावून सांगतात काय, बाहेरगांवच्या स्पर्धेला मुलींबरोबर जबाबदार स्त्री असते काय, हे प्रश्न पहिल्याच दिवशीं, हंसतमुखानें, विचारावेत. चांगल्या प्रशिक्षकाला ह्यांचा राग येत नाहीं. मूल कांहीं बोललें तर प्रथम त्यावर विश्वास ठेवावा; २०१२ चा पॉक्सो कायदा आणि मुलांसाठीं असलेला १०९८ हा दूरध्वनि क्रमांक ह्यांची माहिती घरांत सर्वांना असावी.

आणि अपयश? तें ह्या खेळांत ठरलेलेंच आहे. आपल्या देशापुरतें पाहावयाचें तर आगरतळ्याची दीपा कर्माकर हिचें नांव घ्यावें लागतें. लहानपणीं तिचे तळपाय सपाट होते. ह्या खेळाला तो दोष. बिश्वेश्वर नंदी ह्या प्रशिक्षकांच्या हाताखालीं वर्षानुवर्षें मेहनत करून ती २०१६ सालीं रिओच्या ऑलिम्पिकपर्यंत पोंचली आणि व्हॉल्टच्या अंतिम फेरींत चौथी आली. कांस्यपदकापासून ती अवघी ०.१५० गुणांनीं दूर राहिली. दुसऱ्या वर्षीं गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्यें तुर्कस्तानांत मर्सिन येथें तिनें सुवर्णपदक मिळविलें. पुढें शरीरांत हायजेनामाइन हें निषिद्ध द्रव्य आढळल्यानें तिच्यावर एकवीस महिन्यांची बंदी आली. आपल्या नकळत तें पोटांत गेलें, असें तिनें सांगितलें. वरच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलाच्या घरीं काढा, चूर्ण किंवा बाजारची शक्तिवर्धक पूड डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊं नये, हा बोध ह्यावरून प्रत्येक स्वयंपाकघरानें घ्यावा. बंदी संपल्यावर २०२४ मध्यें ताश्कंदला दीपानें आशियाई स्पर्धेंत सुवर्ण मिळविलें आणि त्याच वर्षीं ती निवृत्त झाली. चौथ्या क्रमांकाच्या दिवशीं जिची किंमत ठरविली असती ती मुलगी पुढें आठ वर्षें खेळली.

तेव्हां स्पर्धेहून परततांना गाडींत काय बोलावें, ह्याचें उत्तर आम्हांस सोपें वाटतें. स्पर्धेविषयीं मूल बोलेल तितकेंच बोलावें. चुका प्रशिक्षकांनीं सांगितलेल्या असतात, आणि मुलाला त्या आपल्याहून चांगल्या ठाऊक असतात. घरीं कोण हरलें, कोणाला किती मिळाले, ही चौकशी शेजाऱ्यांनीं करावी. आपण भूक लागली आहे का तें विचारावें.

शेवटीं, थांबण्याविषयीं. जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांपैकीं फार थोडीं राष्ट्रीय संघांत जातात. बहुतेक सारीं चौदा ते अठरा ह्या वयांत खेळ सोडतात. त्या दिवशीं घरांत "इतके पैसे घातले, इतकीं वर्षें सकाळीं उठवून पोंचविलें" असा हिशेब निघूं नये. परीक्षेंतील क्रीडासवलतीचे गुण मिळेपर्यंत तरी रेट, असेंहि म्हणूं नये. मुलाला थांबावयाचें असेल तर थकव्याच्या भरांत नव्हे, कांहीं आठवड्यांच्या विसांव्यानंतर त्यालाच ठरवूं द्यावें, आणि मग तें ठरलें म्हणजे ठरलें. ह्या वर्षांत घरांतील दुसऱ्या भावंडांच्या वाट्याचा वेळ, सहली आणि कौतुक पुष्कळदां ह्या एका मुलाकडे गेलेलें असतें. त्याचीहि आठवण मोठ्यांनीं वेळींच ठेवावी. काकांनीं चित्रकलेच्या वहीचें, आत्यानें धाकट्याच्या तबल्याचें तितकेंच कौतुक करावें.

पडल्यावर कसें उठावें, भीति वाटत असतां पाऊल कसें उचलावें, आणि न जमलेली गोष्ट शंभर वेळां कशी करावी, हें ज्या मुलाला दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर शिकावयास मिळालें, त्याची कमाई खेळ सोडल्यानें बुडत नाहीं. मात्र तें पडलें त्या दिवशींहि घरीं त्याचें ताट नेहमींच्याच जागीं मांडलेलें असावें, आणि त्याच्याशीं बोलतांना कोणाचा स्वर बदललेला नसावा. एवढें ज्या घराला साधलें, त्या घरानें मुलाच्या खेळाला जें द्यावयाचें तें सर्व दिलें, असें आम्ही समजतों.